सातारा जिल्ह्यातला बारावा तालुका

समजा, एका फाइलमध्ये सातारा जिल्ह्यातल्या गावांना वाटलेल्या रोपांची यादी आहे. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: गाव, तालुका आणि रोपांची संख्या. तीसेक ओळींची एक पायथन स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेतला छोटा प्रोग्राम, ही यादी वाचते, प्रत्येक ओळ स्वल्पविरामांवर तोडते, तालुक्याच्या नावापुढे रोपं जमा करत जाते आणि शेवटी तालुकावार बेरीज छापते. साताऱ्यात तालुके अकरा. स्क्रिप्ट छापते बारा. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. फक्त कऱ्हाड दोनदा आलंय, एकदा भल्यामोठ्या आकड्यासह आणि एकदा किरकोळ.

एरर देऊन पडणारी स्क्रिप्ट त्या मानानं सज्जन म्हणायची, कारण ती निदान कुठल्या ओळीवर पडली ते सांगते. चुकीचं आउटपुट देणारी स्क्रिप्ट हसतमुखानं शेवटपर्यंत जाते. त्या बारा ओळींकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी त्यांत काही सापडत नाही, कारण चूक घडली ती फाइलच्या मधल्या कुठल्या तरी ओळीवर, आणि आकडा छापला गेला सगळं आटोपल्यावर. दरम्यान मूळ ओळ पुसली गेली, तालुक्याचं नाव साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये शेकडो नावं येऊन गेली. बघायचं असेल तर मधेच बघायला हवं, म्हणजे स्क्रिप्ट थांबवायला हवी.

बहुतेक जण त्याआधी लूपमध्ये, म्हणजे दर ओळीसाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये, एक प्रिंट टाकून बघतात. त्यात कमीपणा काही नाही. आयुष्यभर कोड लिहिलेली माणसंही तेच करतात आणि पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. पण प्रिंट म्हणजे स्क्रिप्ट सुरू करण्याआधी विचारून ठेवलेला प्रश्न. 'तालुक्याचं नाव छाप' म्हटलं की नाव छापून येतं. ते बघून डोक्यात येतं, 'मग मूळ ओळ कशी होती?' तोवर ती ओळ गेलेली असते. पुन्हा एक प्रिंट, पुन्हा पहिल्यापासून. तीन सेकंदांत संपणाऱ्या स्क्रिप्टला हे चालून जातं. चाळीस मिनिटं घेणाऱ्या स्क्रिप्टला अख्खा दिवस जातो. थांबवलेल्या स्क्रिप्टला मात्र पहिल्या उत्तरावरून सुचलेला दुसरा प्रश्न त्याच क्षणी विचारता येतो, आणि दुसऱ्यावरून तिसरा. मला विचाराल तर डीबगर, म्हणजे स्क्रिप्ट अशी मधेच थांबवून आत बघू देणारं साधन, शिकण्याचं खरं कारण एवढंच आहे. बाकी सोयी वरकड.

प्रिंट एरवीही थोडं लबाड असतं. स्क्रिप्टनं छापलेलं तुम्हाला लगेच दिसतं हा आपला समज फक्त टर्मिनलपुरता, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीपुरता, खरा आहे. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर पायथन एकेक ओळ पुरी झाली की पुढे पाठवतं. तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं किंवा पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रामला दिलं, की पायथन ते आधी आपल्याकडे साठवतं, मोठा गठ्ठा झाला की मगच सोडतं. याला बफर म्हणतात. लहान लहान तुकडे सतत लिहिणं ऑपरेटिंग सिस्टीमला महाग पडतं म्हणून ही सोय. एररचे संदेश मात्र वेगळ्या वाटेनं जातात आणि तिथे पायथन ३.९ पासून ओळीपलीकडे साठवणूक होत नाही. परिणाम असा की लॉग फाइलमध्ये एरर वर दिसते आणि तिच्या आधी छापलेल्या ओळी तिच्या खाली. त्या फाइलकडे बघून क्रम ठरवायला गेलात तर उलटाच निष्कर्ष निघेल. आणि मेमरी संपली म्हणून सिस्टीमनं स्क्रिप्ट तडकाफडकी मारली, तर बफरमध्ये अडकलेल्या ओळी कधीच बाहेर येत नाहीत. शेवटची छापलेली ओळ म्हणजे स्क्रिप्ट पोचलेली शेवटची जागा, असं धरून चालणारे इथे हमखास चकतात. पायथन सुरू करताना उणे-यू हा पर्याय दिला किंवा प्रिंटला फ्लश करायला सांगितलं की ही साठवणूक टळते.

मारून टाकणं, गोठवणं आणि थांबवणं

स्क्रिप्ट 'थांबवणं' या एका शब्दाखाली तीन निराळी कामं येतात.

पहिलं म्हणजे हवं ते छापून तिथेच स्क्रिप्ट संपवून टाकणं. पीएचपी लिहिणाऱ्यांच्या बोटांत हे बसलेलं असतं: व्हार-डंप, आणि पुढच्याच ओळीत डाय. पायथनमध्ये सिस-एक्झिट. पटकन होणारं काम आहे आणि वेबपानाचं आउटपुट बघताना सोयीचंही पडतं, कारण खालचा सगळा पसारा येतच नाही. पण हा प्रिंटचाच भाऊ आहे. एक प्रश्न, एक उत्तर, खेळ खलास. शिवाय स्क्रिप्टनं अर्धं काम आधीच केलेलं असलं, निम्म्या फाइलींची नावं बदललेली असली किंवा निम्म्या लोकांना ईमेल गेलेले असले, तर पुढच्या वेळी ती वेगळ्याच परिस्थितीतून सुरू होते आणि तुम्ही भलतंच काहीतरी तपासत बसता.

दुसरं, कीबोर्डवरून. कंट्रोल आणि झेड दाबलं तर लिनक्स किंवा मॅकवर अख्खी प्रोसेस गोठते; एफजी असं टाइप केलं की पुन्हा चालू. गोठलेली असताना आत डोकावता मात्र येत नाही. कंट्रोल आणि सी दाबलं तर पायथनला इंटरप्टचा सिग्नल जातो, त्याची एरर होते आणि स्क्रिप्ट मरता मरता आपण कुठे होतो ते सांगून जाते. अनंत लूपमध्ये अडकलेल्या स्क्रिप्टवर हा उपाय फार कामाचा आहे. दोन-तीनदा चालवून वेगवेगळ्या वेळी कंट्रोल-सी दाबा. दर वेळी तीच ओळ आली तर अडकण्याची जागा जवळजवळ कळलीच.

तिसरं म्हणजे ब्रेकपॉइंट, कोडमध्ये नेमून दिलेला थांबा. एसटीच्या कंडक्टरनं घंटी दिली की गाडी उभी राहते, प्रवासी आपापल्या जागी, सामान वरच्या रॅकवर, आणि डबल घंटी झाली की गाडी तिथूनच पुढे. डाय म्हणजे गाडी तिथेच रद्द करून सगळ्यांना खाली उतरवणं. ब्रेकपॉइंटवर स्क्रिप्टची व्हेरिएबल्स, कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं ती साखळी, उघडलेल्या फाइली, सगळं जिवंत असतं आणि तुमच्या हातात एक प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, येतो.

पायथनमध्ये यासाठी हव्या त्या जागी ब्रेकपॉइंट() एवढंच लिहायचं. ही सोय ३.७ आवृत्तीत, २०१८ साली आली; बॅरी वॉर्सॉ यांनी तिचा प्रस्ताव मांडला होता. त्याआधी पीडीबी हे मॉड्यूल, म्हणजे पायथनसोबत येणारा डीबगर, इम्पोर्ट करून त्याचं सेट-ट्रेस बोलवावं लागे. जुन्या कोडमध्ये ती ओळ अजून दिसते आणि अजून चालतेही.

कऱ्हाडपाशी

आता रोपांच्या यादीकडे. लूपमध्ये नुसता ब्रेकपॉइंट टाकला तर तो प्रत्येक ओळीवर थांबेल आणि दोन हजार ओळींच्या फाइलमध्ये तुमची बोटं दमतील. अट घालावी लागते, आणि अट काय घालायची यावरच निम्मं यश असतं. सहज सुचणारी अट अशी: जमा केलेली नावं अकराच्या वर गेली की थांब. ऐकायला बरोबर वाटते, पण ती फसवी आहे. चुकीचं कऱ्हाड फाइलमध्ये लवकर आलं आणि माण तालुका सगळ्यांत शेवटी आला, तर बारावं नाव माणच असेल. गुन्हेगार सुटेल आणि माणदेशच्या लोकांवर आळ येईल. त्यापेक्षा 'यादीत नसलेलं नाव पहिल्यांदा येताना थांब' ही अट चांगली. स्क्रिप्ट फक्त बारा वेळा थांबेल, आणि त्यातले अकरा थांबे नुसती नजर टाकून सोडून देता येतील.

थांबल्यावर टर्मिनलवर पुढे चालवली जाणार असलेली ओळ दिसते आणि खाली कंसात पीडीबी असा प्रॉम्प्ट. इथल्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत. पी म्हणजे दाखव, सी म्हणजे पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत जा, क्यू म्हणजे पुरे. एन आणि एस यांत नवे लोक गोंधळतात: दोन्ही एक पाऊल पुढे नेतात, पण ओळीत एखादं फंक्शन बोलावलेलं असेल तर एन ते पूर्ण करून बाहेरच थांबतो आणि एस त्याच्या आत शिरतो. चुकून एखाद्या लायब्ररीच्या पोटात शिरलात तर आर दाबा, ते फंक्शन संपेपर्यंत स्क्रिप्ट चालते. डब्ल्यू सगळी साखळी दाखवतो. यू आणि डी त्या साखळीवर वर-खाली नेतात, म्हणजे आत्ताच्या फंक्शनला ज्यानं बोलावलं त्याची व्हेरिएबल्सही बघता येतात. हे शेवटचं लोक फारसं वापरत नाहीत, आणि ते त्यांचं नुकसान आहे. चुकीची किंमत दिसते एका फंक्शनमध्ये, पण ती आलेली असते दोन पायऱ्या वरून.

एक खाचही सांगून ठेवतो. तुमच्याच व्हेरिएबलचं नाव एन किंवा सी असेल, तर ते टाइप केल्यावर पीडीबी त्याला आज्ञा समजतो आणि स्क्रिप्ट पुढे पळते. पुढे उद्गारचिन्ह लावलं की तो ते पायथन म्हणून वाचतो.

तर दुसऱ्या कऱ्हाडपाशी थांबलो. आत्तापर्यंतच्या नावांत कऱ्हाड आहे, तरी स्क्रिप्टला हे नाव नवं वाटतंय. इथे प्रिंट केलं असतं तर डोळ्यांना तेच कऱ्हाड पुन्हा दिसलं असतं. पी या आज्ञेनं मात्र वेगळं काही बाहेर येतं: अवतरणचिन्हांत क, र, हलन्त, त्यापुढे उलटी तिरकी रेघ, यू आणि २००डी, आणि मग हाड. पी ही आज्ञा प्रिंटसारखी माणसाला वाचायला म्हणून छापत नाही. ती मजकुराचं असं रूप दाखवते की ज्यात न दिसणारी चिन्हंही उघडी पडतात. रिकाम्या जागा अवतरणचिन्हांमुळे कळतात, अदृश्य चिन्हं त्यांच्या क्रमांकानं. आउटपुट तपासायचं तर दिसणारं रूप आणि साठवलेलं रूप वेगळं असू शकतं हे धरूनच चालावं लागतं.

२००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, शून्य रुंदीचा सांधा. ऱ्य आणि ऱ्ह मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे हा अदृश्य सांधा. दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून चालू ठेवलेली आहे. कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावरून यातलं एक किंवा दुसरं फाइलमध्ये उतरतं. पडद्यावर कऱ्हाड आणि कर्‍हाड सारखेच. पण प्रॉम्प्टवर दोघांची लांबी विचारा, पहिल्याची सहा येईल, दुसऱ्याची सात. यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे एक अठरा बाइट आणि दुसरं एकवीस. संगणकाच्या दृष्टीनं हे दोन निराळे तालुके आहेत, आणि त्याची काहीच चूक नाही.

स्क्रिप्ट अजून थांबलेलीच आहे, तेव्हा उपायही इथेच करून बघता येतो. पहिला विचार येतो युनिकोडच्या प्रमाणीकरणाचा, ज्याला एनएफसी म्हणतात. प्रॉम्प्टवर चालवून लांबी बघितली तरी सातच. एनएफसी हा सांधा काढत नाही. (र आणि खाली नुक्ता असा तोडून लिहिलेला ऱ मात्र ते जोडून एक करतं. तो तिसरा प्रकारही फाइलींत भेटतो, आणि तो पी आज्ञेतही ओळखू येत नाही, लांबीवरूनच कळतो.) दुसरा विचार: तो सांधाच सगळीकडून उडवून द्यावा. तेही प्रॉम्प्टवर करून बघा, कर्हाड असं काहीतरी विचित्र समोर येईल, कारण सांधा गेला की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. कऱ्हाडचं एक वेळ हसू येईल; पण हाच उपाय एखाद्या लेखाच्या मजकुरावर चालवला तर आचाऱ्याला दिलेला पगार आचार्याला जाईल. योग्य तो उपाय म्हणजे र, हलन्त आणि सांधा हे तीन एकत्र दिसले तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवणं. प्रॉम्प्टवर ते केलं की लांबी सहा येते, आधीच्या नावाशी तुलना केली तर 'ट्रू'. तेव्हाच ती ओळ मूळ स्क्रिप्टमध्ये लिहायची. तीन उपाय तपासून दोन टाकून दिले आणि स्क्रिप्ट एकदाही पुन्हा सुरू केली नाही.

कुणी कराड असं लिहिलं असेल तर हा उपाय त्याला पुरणार नाही. त्यासाठी पर्यायी नावांचा तक्ता ठेवावा लागतो, आणि तो प्रश्न डीबगरचा नाही, माणसांचा आहे.

याच जातीचं आणखी एक उदाहरण एक्सेलमधून येतं. यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह असतं. स्क्रिप्ट 'गाव' नावाचा रकाना शोधते आणि सापडत नाही म्हणून पडते. प्रिंट केलं तर 'गाव' समोर स्वच्छ दिसतंय. पी केलं की त्याच्या आधी चिकटलेलं एफईएफएफ दिसतं. यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग देऊन फाइल उघडली की प्रश्न मिटतो. आकड्यांच्या बाबतीत मात्र पायथन अनपेक्षितरीत्या दिलदार आहे: देवनागरीत लिहिलेलं १२५० ते बिनतक्रार संख्येत बदलतं, पण १,२५० मधल्या स्वल्पविरामावर अडून बसतं.

हे थांबतं तरी कसं?

चालू कामाला मधेच उभं करण्याची गरज संगणकाइतकीच जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेला एनिॲक हा संगणक १९४६ च्या फेब्रुवारीत जगाला दाखवला गेला. त्याचा प्रोग्राम म्हणजे तारा आणि स्विचेस. एका टप्प्याचं काम संपलं की तारेतून पुढच्या टप्प्याला विजेचा ठोका जाई. ती तार उपटली की गणित तिथेच उभं. आकडे यंत्राच्या संचायकांमध्ये तसेच राहत आणि त्यांच्यावरचे निऑनचे बारीक दिवे ते दाखवत. ब्रेकपॉइंटच्या कल्पनेचं श्रेय सहसा एनिॲकच्या प्रोग्रामर बेटी हॉल्बर्टन यांना दिलं जातं.

केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर, जो १९४९ च्या मे महिन्यात पहिल्यांदा चालला, वारं उलट दिशेचं होतं. यंत्र एक आणि वापरणारे अनेक. यंत्रापुढे बसून एकेक सूचना सावकाश चालवत डोकावणं म्हणजे इतरांचा वेळ खाणं. म्हणून स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली वेगळी पद्धत मांडली: एक तपासणी प्रोग्राम मूळ प्रोग्राममधली एकेक सूचना स्वतः पार पाडतो आणि काय काय घडलं ते छापत जातो, माणसानं तो कागद आपल्या टेबलावर नेऊन वाचावा. प्रिंट बरं की ब्रेकपॉइंट, हा आज चालणारा वाद मुळात यंत्राचा वेळ महाग की माणसाचा, या हिशेबातून आलेला आहे. आज लॅपटॉपवर तरी माणसाचा वेळ महाग, एवढाच फरक.

आजचा प्रोसेसर कुणी तार उपटून थांबवत नाही. सी किंवा तत्सम भाषेत लिहिलेल्या, कंपाइल केलेल्या प्रोग्रामवर डीबगर एक युक्ती करतो. इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरमध्ये एकाच बाइटाची एक खास सूचना आहे, दशमानात तिचा अंक २०४. जिथे थांबायचं त्या सूचनेचा पहिला बाइट डीबगर बाजूला काढून ठेवतो आणि तिथे २०४ लिहितो. प्रोसेसर तिथे पोचला की काम ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवतो, ती प्रोग्रामला उभं करते आणि डीबगरला कळवते. पुढे जायचं म्हटलं की मूळ बाइट परत, एक पाऊल पुढे, आणि मागे पुन्हा २०४. म्हणजे तुम्ही तपासत असलेला प्रोग्राम तेवढ्यापुरता बदललेला असतो, फक्त तुम्हाला ते दाखवलं जात नाही.

स्क्रिप्टचं काम याहून सोपं, कारण तिच्यात आणि प्रोसेसरमध्ये इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम, बसलेला असतो. पायथनच्या इंटरप्रिटरला सांगता येतं की प्रत्येक ओळ चालवण्याआधी हे फंक्शन बोलव. पीडीबी अनेक वर्षं याच खिडकीतून काम करत आला. ओळीओळीला विचारपूस म्हणजे वेग मंदावणारच. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत फक्त हव्या त्या जागांवर नजर ठेवणारी हलकी यंत्रणा आली ती त्यासाठी. एडिटरमध्ये ओळीच्या डावीकडे लाल ठिपका लावून जे होतं, तेही पायथनपुरतं याच खिडक्यांमधून होतं. ज्याला टर्मिनल नको त्यानं खुशाल ठिपका वापरावा, अटही त्याच ठिपक्यावर उजवं क्लिक करून घालता येते.

जिथे थांबू नये

थांबते ती स्क्रिप्ट. जग थांबत नाही. तुम्ही ब्रेकपॉइंटवर चहा घेत असताना समोरच्या सर्व्हरचं घड्याळ चालू असतं. कनेक्शन तुटतं, लॉगिनची मुदत संपते, डेटाबेसमध्ये कुलूप लावलेल्या ओळीसाठी दुसरे लोक ताटकळतात. सी दाबून पुढे गेलात की वेगळीच एरर येते आणि तुम्ही तिच्या मागे लागता. एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांच्या, म्हणजे थ्रेडच्या, शर्यतीतून निर्माण होणारी चूक तर ब्रेकपॉइंट लावताच गायब होते, कारण तुम्ही एकाला रोखून शर्यतच बदलली. बघायला गेलं की पळणाऱ्या अशा चुकांना हायझेनबग म्हणतात; संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ च्या निबंधात हा शब्द वापरला होता. अशा ठिकाणी वेळेचा शिक्का मारलेला लॉगच उपयोगी पडतो.

आउटपुट आणि इनपुटच्या वाटाही जपाव्या लागतात. पीडीबी आपला प्रॉम्प्ट स्क्रिप्टच्याच आउटपुटवर लिहितो. आउटपुट फाइलमध्ये वळवलेलं असेल तर प्रॉम्प्ट त्या फाइलमध्ये जाऊन बसतो आणि पडद्यावर स्क्रिप्ट टांगल्यासारखी वाटते. ती टांगलेली नसते, तुमच्या उत्तराची वाट बघत असते. याहून मजेशीर प्रकार डेटा पाइपमधून दिल्यावर होतो. पीडीबीही त्याच वाटेनं आज्ञा वाचतो, त्यामुळे तुमच्या यादीतली पुढची गावं एकामागून एक आज्ञा म्हणून चालवली जातात आणि एररचा पाऊस पडतो. तपासणीच्या वेळी फाइलचं नाव स्क्रिप्टला द्यावं, पाइप टाळावा.

क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं सुरू करणाऱ्या सोयीतून, रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ब्रेकपॉइंट() विसरून राहिला तर समोर उत्तर द्यायला कुणीच नसतं. इनपुट संपलेलं दिसतं आणि डीबगर स्क्रिप्टला घेऊन बाहेर पडतो. पायथनब्रेकपॉइंट नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला शून्य ही किंमत दिली की असे सगळे विसरलेले ब्रेकपॉइंट निमूट ओलांडले जातात. सर्व्हरवर ती सेटिंग कायम ठेवलेली बरी.

लिनक्सच्या टर्मिनलवरच्या आज्ञांच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशबद्दल थोडं. तिथे सेट उणे-एक्स दिलं की चालणारी प्रत्येक आज्ञा व्हेरिएबल्सच्या किमती भरून छापली जाते, आणि मधे एक रीड टाकला की एंटर दाबेपर्यंत स्क्रिप्ट थांबते. पण थांबलेली असताना ती फाइल एडिटरमध्ये सुधारू नका. बॅश स्क्रिप्ट आधी पूर्ण वाचून घेत नाही, चालवत चालवत पुढचा भाग वाचतो. त्याच फाइलमध्ये वरच्या बाजूला चार अक्षरं वाढली की तो एखाद्या ओळीच्या मध्यावरून वाचायला लागू शकतो, आणि पुढे फाइली पुसणारी आज्ञा असेल तर काय होईल ते सांगायला नको. पायथन पूर्ण फाइल आधीच वाचून घेतं, त्यामुळे तिथे हा धोका नाही. मात्र सुधारलेला कोड पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही.

ब्रेकपॉइंट लावायचाच राहून गेला आणि स्क्रिप्ट तासाभरानं एरर देऊन पडली, तरी हातात काही उरावं म्हणून ती पहिल्यापासून पीडीबीच्या देखरेखीखाली सुरू करता येते. पडली की ती पडलेल्या जागीच प्रॉम्प्ट मिळतो. पुढे चालवता येत नाही, पण सगळी व्हेरिएबल्स आणि यू-डीची शिडी शाबूत असते. लांब चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी मी तरी हीच सवय सुचवीन.

आणि स्क्रिप्ट आधीच चालू आहे, तिच्यात ब्रेकपॉइंट नाही, बंद करून चालणार नाही, अशी वेळ आली तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या पायथन ३.१४ पासून पीडीबीला चालू प्रोसेसचा क्रमांक देऊन तिला जोडता येतं. प्रोसेस दुसऱ्याच्या मालकीची असेल तर परवानगी लागते, आणि लिनक्सवर आपल्या प्रोसेसलाही बऱ्याचदा सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, लागतं. शिवाय इंटरप्रिटर पुढच्या सुरक्षित जागी पोचला तरच तो तुमचं ऐकतो; नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत सी भाषेतल्या कोडमध्ये अडकून पडलेला असेल तर जोडूनही काही हालत नाही. तशा स्क्रिप्टमध्ये फॉल्ट-हँडलर हे मॉड्यूल सुरुवातीलाच एका सिग्नलला बांधून ठेवावं. सिग्नल पाठवला की अडकलेल्या अवस्थेतही ती कुठल्या ओळीवर उभी आहे ते छापते, आणि मरत नाही.